थोरली, धाकटी आणि बिराजदार सरांचं फिजिक्स

लातुरातल्या आमच्या डीटीपी सेंटरच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं विकतात. पण आम्ही तिथली जुनी माणसं कुठल्या लग्नात एकमेकांना भेटलो, की जेवणाची रांग अडते. मागचे लोक ‘पुढं सरका’ म्हणून ओरडतात आणि आम्ही हातात रिकामी ताटं घेऊन ‘ते मोडीवाले पाटील आठवतात का’ इथंच असतो! किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत हो. आमच्या दुकानात तर कॉम्प्युटर बाकी सगळं इतकं मन लावून पुसायचा, की शेवटी किस्से तेवढेच उरले.

भूकंपानंतरची वर्षं होती. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन लातुरात उतरायला लागली होती. आमच्या गल्लीत एका भिंतीवर केमिस्ट्री, दुसरीवर मॅथ्स आणि मधल्या बोळात खानावळ. आम्ही क्लासवाल्यांचे पेपर छापायचो, आणि लग्नसराईत पत्रिका.

दुकान माजिदभाईंचं. त्यांची हयात छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेली. उलटी अक्षरं सरळ वाचायचे, पण कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत. “ये बिना खिळ्याचं काम अपने को नक्को,” म्हणायचे. टायपिंग गंगाधर करायचा. तो देगलूरचा, दोन लेकींचा बाप, घाबरला की तेलुगूत जायचा. आणि प्रुफं मी तपासायची. मी नांदेडची, लग्न होऊन लातुरात आले. मला सगळे ताई म्हणायचे, रागावले की कुलकर्णीबाई.

आता भांडणाचं मूळ. आमच्याकडं मराठी टायपिंगचे दोन प्रोग्रॅम होते. त्यांची नावं घेत नाही, दोघांचे मालक कुठं असतील तिथं सुखी राहोत. जुना होता त्याला माजिदभाई ‘थोरली’ म्हणायचे. बिनबोभाट काम करणारी. नंतर आणला त्याला ‘धाकटी’. तिच्याकडं लग्नपत्रिकांचे कलश, तोरणं, नक्षीदार अक्षरं. त्यामुळं दोघींनाही घरात ठेवणं भाग होतं.

फाइलच्या नावापुढं टिंब देऊन तीन अक्षरं असतात. त्यावरून कॉम्प्युटरला कळतं, ही फाइल कुठल्या प्रोग्रॅमची. तर मराठीसाठी कुठली तीन अक्षरं घ्यावीत, यावर दोन्ही कंपन्यांनी स्वतंत्रपणे भरपूर विचार केला आणि दोघींनाही एकच सुचलं: mar!

झालं. फाइल कुणाचीही असो, टिचकी मारली की धाकटी धावायची, कारण ती शेवटी घरात आलेली. थोरलीची फाइल धाकटीनं उघडली की अक्षरांचं पार भरीत व्हायचं, जतन न करता बंद केली तरच मूळ फाइल वाचायची. आणि ती कधी म्हणायची नाही, की बाई गं, ही माझी नव्हे!

*

रेणापूरचे एक पाटील नव्या घराच्या वास्तुशांतीची पत्रिका बघायला आले. फेटा, काठी, जाड काचांचा चष्मा. मजकूर थोरलीत टाईप केलेला होता. गंगाधरनं सवयीनं फाइलवर टिचकी मारली, धाकटी धावली, आणि प्रिंटरमधून जे बाहेर आलं त्यात एक शब्द वाचता येईल तर शपथ!

गंगाधर कागद ओढून घ्यायच्या आत तो पाटलांच्या हातात गेला. पाटलांनी तो लांब धरून बघितला.

“मोडी हाय का ही?”

गंगाधरनं माझ्याकडं बघितलं, मी माजिदभाईंकडं.

“आमच्या आज्याला लई चांगली मोडी यायची. मलाबी येती.” आणि पाटील वाचायला लागले! कुलस्वामिनी प्रसन्न झाली, श्रीकृपेकरून झालं, तिथी आली, वार आला, निमंत्रक आले. एकदाही अडखळले नाहीत.

शेवटी चष्मा काढून म्हणाले, “धाकट्या भावाचं नाव गाळलंय जणू. बरं केलं!”

खऱ्या मजकुरात भावाचं नाव सगळ्यात वर होतं. पाटील खूश होऊन गेले. माजिदभाईंनी तो कागद बराच वेळ उलटासुलटा करून बघितला.

“पढनेवाला होना ताई,” ते म्हणाले, “लिखनेवाले का क्या है!”

*

या भानगडीवर गंगाधरनं एक उपाय काढला. त्याचं म्हणणं असं, की टिंबाच्या अलीकडं फाइलचं नाव असतं, म्हणजे पलीकडं तिचं आडनाव असणार. मग आडनावच बदलून टाकू, म्हणजे धाकटीला पत्ता लागणार नाही! त्यानं सगळ्या फाइलींच्या पुढचं mar काढलं आणि ज्या गिऱ्हाइकाचं काम, त्याच्या आडनावाची पहिली तीन अक्षरं घातली. कांबळे असले तर kam, मुंडे असले तर mun.

दोन दिवस घरात शांतता. मग पाटलांच्या फाइली उघडेनात. pat ही तीन अक्षरं आमच्या चित्रांच्या प्रोग्रॅमनं आधीच घेऊन ठेवली होती, तो त्यात नक्षी ठेवायचा. आता तो पाटलांच्या लग्नपत्रिकांत वेलबुट्टी शोधत बसला आणि सापडेना म्हणून अख्खं मशिन घेऊन झोपला.

गंगाधरनं मशिन परत चालू केलं आणि नक्षीच्या ढिगातून एक पाटील उघडून बघितला, दुसरा उघडला, तिसरा उघडला. यातला आपला कुठला, ते त्यालाही कळेना.

माजिदभाई मागून म्हणाले, “गंगाधर, तू लातुरात आडनावावरनं पाटील हुडकायलास का?”

त्या दिवसापासून सगळ्यांचं आडनाव परत mar.

*

आता बिराजदार सर. आमच्या गल्लीतलं फिजिक्स म्हणजे बिराजदार सर. त्यांचं गाव औशाकडचं, भूकंपात गेलं. सर त्या रात्री लातुरात होते म्हणून वाचले. त्यानंतर वर्षभर ते तिकडं पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना शिकवत राहिले. पोरांना पुस्तकातलं एक अक्षर कळेना. मग सरांनी पुस्तक मिटलं आणि बैलगाडी, विहिरीवरचा रहाट, उसाची ट्रॉली घेऊन फिजिक्स सांगायला सुरुवात केली. असं फिजिक्स मी कुठं ऐकलं नाही. मी आर्ट्सची, पण प्रुफं तपासता तपासता मलासुद्धा गुरुत्वाकर्षण कळायला लागलं होतं!

पुढं लातुरात क्लास निघाला, गर्दी झाली आणि इतकी वर्षं ओरडून ओरडून सरांचा गळा बसला. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, पण आवाज परत येईल याची खात्री देत नाही. सरांनी ऑपरेशन पुढं ढकललं आणि आमच्याकडं येऊन बसले. रोज दुपारी यायचे, तोंडानं सांगायचे, गंगाधर थोरलीत टाईप करायचा.

“आवाज जाईल तो जाऊ द्या, बाई,” मला म्हणाले. “धडे राहिले पाहिजेत. खेड्यातलं पोरगं कुणालाही न विचारता वाचू शकलं पाहिजे.”

असं एखाद्यानं सांगितल्यावर त्याचं प्रूफ वाचताना एक काना सुटला तरी चुटपुट लागते.

सरांना दोन गोष्टींचा भयंकर तिटकारा होता. एक, शेजारचे क्लासवाले. नोट्स बाहेर पडल्या की दुसऱ्या दिवशी शेजारच्या फळ्यावर! म्हणून सर पोरांना कागदच द्यायचे नाहीत. वर्गात प्रिंट हातात घेऊन वाचून दाखवायचे, परत घरी न्यायचे. दुरुस्ती झाली की जुनी प्रिंट आमच्यासमोर फाडायचे आणि तुकडेसुद्धा पिशवीत भरून न्यायचे. त्यावर त्यांच्या घरचा पाण्याचा बंब पेटायचा.

सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, “फिजिक्सनं पाणी लवकर तापतं. केमिस्ट्रीचा धूर होतो.”

दुसरा तिटकारा घोकंपट्टीचा. “वह्या मिटा! पेनं खाली! लिहायचं नाही, समजून घ्यायचं!” हे त्यांचं क्लासमधलं पहिलं वाक्य. एखाद्या पोरानं शब्दाला शब्द तंतोतंत उत्तर दिलं, की त्याला शाबासकी नाही, दाराबाहेर उभं! आमच्या गल्लीत अख्खा धंदा घोकंपट्टीवर चाललेला, आणि हा एकटा माणूस पोरांना समजून घ्यायला लावत होता. बाकीचे सर त्यांना दुरून नमस्कार करायचे.

*

सरांच्या गावाकडच्या एकांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका टाकली. पुनर्वसनात गाव दुसरीकडं वसवलेलं होतं, चांगलं कोस-दीड कोस लांब. मी आपलं गावाच्या नावाआधी ‘नवे’ घातलं. ते गृहस्थ एकदम रागावले.

“नवं काय, जुनं काय! आमचं गाव एकच हाय. काढा ते!”

काढलं. लग्नाच्या दिवशी कर्नाटकाकडून वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स आली ती थेट जुन्या गावाला. तिथं पडकी जोती, बाभळी आणि शेळ्या राखत बसलेले एक आजोबा.

नवरदेवाचा मामा खाली उतरला. “अहो, गाव तर दिसायलंय, मांडव कुठाय?”

“मांडव नव्या गावात हाय,” आजोबा म्हणाले. “गाव हितंच हाय.”

वऱ्हाडाला शोधायला मोटारसायकली निघाल्या, मुहूर्त टळला. पत्रिकेचा दोष कुणीही आम्हाला दिला नाही. उलट त्या गृहस्थांनी पुढच्या वर्षी धाकट्या मुलीची पत्रिका आमच्याकडंच टाकली आणि बजावून सांगितलं, “गावाचं नाव मागच्यासारखंच ठेवा.”

*

तेव्हा लातुरात टेबल हललं की आधी माणूस बाहेर पडायचा आणि मग टेबल का हललं ते विचारायचा. एकदा भर दुपारी मॉनिटर थरथरायला लागला. सगळी गल्ली रस्त्यावर! क्लासमधली पोरं, खानावळवाले, हातातलं पीठ तसंच घेऊन आलेल्या बायका.

मी प्रूफ घेऊन धावले होते. माजिदभाईंनी, ज्यांना जिना उतरताना धाप लागायची त्यांनी, शिशाच्या खिळ्यांची जुनी जड पेटी उचलून आणली होती. बिराजदार सर सदऱ्याच्या खिशावर दोन्ही हात दाबून उभे होते, कारण खिशात धड्यांच्या फ्लॉप्या होत्या. आणि गंगाधरच्या हातात फक्त माऊस, मागं वायर लोंबत असलेला.

“हे काय रे?” मी म्हटलं.

“अय्यो ताई, तेवढाच हातात होता!”

तेवढ्यात कोपऱ्यावरून नगरपालिकेचा रोडरोलर आला.

*

सरांचं ऑपरेशन ठरलं. शेवटचा धडा टाईप होऊन गेला होता. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी सर दुकानात आले आणि म्हणाले, “एकदा सगळं पुस्तक माझ्या हातानं उघडून बघतो. तुम्ही चहा घेऊन या.”

आम्ही बोळाच्या तोंडाशी चहा घेत होतो. सरांनी पहिल्या धड्यावर टिचकी मारली. धाकटी धावली. या वेळी मात्र तिनं इंग्रजीत एक प्रश्न विचारला, की ही फाइल निराळी दिसते, माझ्या पद्धतीनं करून घेऊ का? सरांनी ‘यस’ दाबलं. पडद्यावर भरीत आलं. सरांना वाटलं, उघडायला वेळ लागत असेल. बंद केली. तिनं विचारलं, जतन करू का? यस. मग दुसरा धडा, तिसरा धडा. यस, यस, यस! सगळे उघडून झाल्यावर सरांनी शहाण्या माणसासारखं खिशातल्या दोन्ही फ्लॉप्यांवर बॅकअपही घेतला. तिनं विचारलं, जुन्या फाइली आहेत, त्यांच्यावरच लिहू का?

यस.

प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका, असं पोरांना आयुष्यभर सांगणारा माणूस!

आम्ही परत आलो तेव्हा सर पडद्याकडं बघत होते. मराठीचं एक अक्षर शाबूत नव्हतं. इंग्रजीत लिहिलेली सूत्रं तेवढी जागच्या जागी होती. भरिताच्या मधोमध v = u + at, खाली परत भरीत, मग F = ma.

गंगाधर रडकुंडीला आला. “सर, सूत्रं तर सगळी हायती बगा...”

“सूत्रं कुठल्याही पुस्तकात असतात, गंगाधर,” सर म्हणाले. आवाज आधीच घोगरा होता, तेव्हा तर ऐकूच येईना.

थोरलीच्या कंपनीला मी फोन लावला. तिथले गृहस्थ म्हणाले, “आमची फाइल दुसऱ्यात उघडलीच कशाला?” धाकटीच्या कंपनीला लावला. तिथली बाई म्हणाली, “मॅडम, पुढं mar आहे ना? मग ती आमचीच फाइल. व्यवस्थित उघडलीय.” मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. माजिदभाई दुसरीकडं तोंड करून उभे राहिले, एवढं सांगते.

छापलेली एकही प्रत नव्हती. शेवटची प्रिंट कालच बंबात गेली होती. दुसऱ्या दिवशी सर सोलापूरला गेले.

*

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, पुढचं पुढं बघू. सरांनी एक पाटी घेतली. जे बोलायचं ते पाटीवर.

मी भेटायला गेले तर काकू म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण झालं बघ.”

सरांनी पाटीवर लिहिलं, “एकच झालं का?”

हसलो आम्ही. पण काकू चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा त्यांच्या मागून मी गेले, तर त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, सर रोज सकाळी वही घेऊन बसतात आणि धडे परत लिहू बघतात. जमत नाही. जन्मभर बोलून शिकवलेलं, पुस्तकसुद्धा गंगाधरला तोंडानं सांगितलेलं. वहीवर उतरतं ते सरकारी पुस्तकासारखं कोरडं. दोन ओळी लिहितात आणि फाडतात.

“आता बंब पेटवायला काही कमी नाही,” त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

*

आणि आता शिवकांता.

हिमायतनगरकडची पोरगी, बिराजदार सरांच्या क्लासची. कसल्याशा दाखल्याची झेरॉक्स काढायला दुकानात आली होती. गंगाधर नेहमीप्रमाणं सरांची भरीत झालेली फाइल उघडून बसला होता. त्याची तशी सवयच झाली होती, दुखरा दात जिभेनं चाचपावा तशी. शिवकांतानं काउंटरवरून मान लांब करून बघितलं.

“काका, हे सरांचं बैलगाडीचं हाय का?”

“तुला काय वाचता यायलंय यातलं?” गंगाधर म्हणाला. त्याला वाटलं, ही पण मोडीवाली निघाली.

“न्हाई, वाचता कुठं येतंय. ते v बरोबर u + at वर हाय आन् F बरोबर ma खाली हाय, म्हणून म्हटलं.” आणि तिनं डोळे मिटले. “बैलगाडी एकदम थांबली, की वर बसलेला म्हातारा पुढं पडतो. म्हातारा का पडला? त्याला कुणी ढकललं का? न्हाई. गाडी थांबली, म्हातारा थांबला न्हाई...”

मी प्रूफ खाली ठेवलं. शब्द न् शब्द तोच! हे मी स्वतः तपासलेलं, एकदा नाही, चांगलं चार वेळा. झेरॉक्सचं मशिन चालू राहिलं, कागद बाहेर पडत राहिले आणि शिवकांता बोलत राहिली. धडा संपला तेव्हा गंगाधर तेलुगूत काहीतरी म्हणाला.

“किती धडे येतात गं?” मी विचारलं.

पोरगी घाबरली. “सरांना सांगू नका, ताई! सर बाहेर उभं करतील. आमाला लिहू देत नव्हते ना, मग आमी काय करावं? पाठ केलं.”

“आमी म्हणजे कोण कोण?”

“सगळीच.”

दुसऱ्या दिवशीपासून दुकानाच्या मागच्या खोलीत पोरं यायला लागली. एकाला उष्णता येत होती, एकाला प्रकाश, शिवकांताला जवळजवळ सगळंच. गंगाधर थोरलीत टाईप करायचा. धाकटीला माजिदभाईंनी मशिनवरून काढूनच टाकलं होतं, ते काम म्हणे मी स्वतः बटण दाबून करणार, आणि केलं! लग्नाच्या पत्रिका गेल्या तर गेल्या.

पण ही गोष्ट सरांपासून कशी लपणार? गल्ली ती केवढी. एका दुपारी आम्ही कामात होतो आणि दारात सर उभे, काखेत पाटी. पोरं ताडकन उठली. शिवकांता तर न सांगताच दाराबाहेर जाऊन उभी राहायला निघाली. सरांनी तिला हातानं थांबवलं आणि खुर्चीवर बसले. गंगाधरला बोटानं खूण केली: चालू द्या.

शिवकांतानं डोळे मिटले. सुरुवात केली. “गाडी थांबली, म्हातारा थांबला न्हाई. ए खिडकीपाशी बसलेल्या! भाईर काय बघायलास? भाईर काय म्हातारा पडलाय का? तर याला जडत्व म्हणायचं...”

गंगाधरनं तेही इमानदारीनं टाईप केलं.

सरांनी घाईघाईनं पाटीवर लिहिलं आणि तिच्यापुढं धरली. “ते खिडकीचं गाळा.”

शिवकांतानं वाचलं. तिनं पुन्हा डोळे मिटले, ओठ हलवून बघितले, पुन्हा उघडले.

“सर, ते गाळलं की पुढचं आठवत न्हाई.”

वाटलं, आता सर उठून जाणार. पण सरांनी बाहीनं पाटी पुसली आणि मांडीवर पालथी ठेवली.

ती परत पहिल्यापासून म्हणायला लागली. म्हातारा पडला, खिडकीतल्याला ओरडा बसला, जडत्व झालं, उसाची ट्रॉली आली, वळणावर कलली. तिच्या बोलण्याला आता सरांची लय आली होती. “...तर ट्रॉली आतल्या बाजूला पडत न्हाई, भाईरच्या बाजूला पडती. समजलं का?”

आणि ती थांबली. वर्गात सर तिथं थांबत असणार. गंगाधरची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

सरांनी हळूच मान हलवली. हो.

तशी ती पुढं म्हणायला लागली.